कार्ड जिवंत ठेवणाऱ्या बाई

माझ्या आईला कोणी फसवलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण दोन महिने मीच भिवंडीभर उलटं सांगत फिरत होते. चौसष्ट वर्षांच्या एकट्या बाईला परक्या विमानतळावर खोलीत बसवलं आणि तिच्याकडून सही काढून घेतली, असं मी ऑफिसात सांगितलं, सोसायटीत सांगितलं. कल्याण नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने नुसतं विचारलं, ताई, बाई इतक्या लवकर परत कशा आल्या, तर त्यालाही पंधरा मिनिटं उभं करून सांगितलं. लोक हळहळायचे आणि मला बरं वाटायचं. रागाला गिऱ्हाईक मिळालं की तो वाढतो, आणि मी तर लहानपणापासून दुकान उघडूनच बसलेली आहे.

आई म्हणजे विद्युल्लता टिपणीस. गावाला टिपणीसबाई. तेहेतीस वर्षं तिने एकाच शाळेत गणित शिकवलं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून कापडाच्या लूमचे गाळे. दिवसभर खटखट चालू. त्या आवाजावर चढून लसावि-मसावि शिकवायचे म्हणजे घसा पत्र्याचा हवा, आणि आईचा तसा झालाही. शुक्रवारी लूम बंद असायचे, पण आईचा आवाज काही त्यासाठी खाली यायचा नाही. त्यामुळे शुक्रवारी पाचवी ते दहावी सगळ्या शाळेला एकदमच गणित ऐकू यायचं. तिच्या वर्गात तेलुगू घरांतली मुलं होती, घरी हिंदी बोलणारी होती, पाड्यांवरून चालत येणारी होती. आजही बाजारात एखादा पोट सुटलेला लूममालक तिला पाहून हातातली सिगारेट पाठीमागे नेतो.

चुकलेलं उत्तर आणि खोटं उत्तर यांत ती फरक करायची. रीत बरोबर असेल तर चुकलेल्या उत्तराला अर्धे गुण. शेजाऱ्याचं बघून लिहिलेल्या बरोबर उत्तराला शून्य, आणि वर वर्गाबाहेर. मी तिच्याच वर्गात होते आणि दोनदा बाहेर उभी राहिले आहे. घरी आल्यावर आई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. गप्प राहणं हा आमच्या घरचा आजारच आहे. आई गप्प राहते, मी ओरडते, आणि दोघींचंही म्हणणं बाहेर येत नाही.

भाऊ म्हणजे आमचे वडील. गल्लीत, कचेरीत, घरात सगळे त्यांना भाऊच म्हणतात, आम्ही मुलंसुद्धा. सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. माझा मोठा भाऊ सुयश इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला, न्यू जर्सीत एडिसनला घर केलं, तिथला नागरिक झाला. बायको तनया, मुलगा अनय. २०२१ साली त्याने आईचं ग्रीन कार्ड केलं. भाऊंचंही होत आलं होतं. पण डॉक्टरी तपासणीच्या दिवशी भाऊ सकाळीच एसटीने वज्रेश्वरीला गेले आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसले. संध्याकाळी परत येऊन म्हणाले, मला इथून हलायचं नाही. विषय संपला. पुरुषाने पाय सोडून बसायचं ठरवलं की विषय संपतो. आईला तशी सोय नव्हती. अनय दीड वर्षाचा होता आणि तनयाची रजा संपली होती.

त्या कार्डाचं खरं नाव कायमचा रहिवासी. कायमचा म्हणजे तिथेच राहायचं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परत येताना प्रश्न विचारणार, वर्ष उलटलं तर कार्ड गेल्यातच जमा. म्हणजे ते कार्ड जिवंत ठेवावं लागतं. वेळच्या वेळी जाऊन त्याला तोंड दाखवावं लागतं. आमच्याकडे खाष्ट सासूचं करतात तसं सगळं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. आईचं कार्ड आल्याबरोबर सुयशने आईच्या नावाने आणखी एक अर्ज टाकला, माझ्यासाठी. कार्डवाल्या आईला आपल्या अविवाहित मुलीसाठी अर्ज करता येतो. पुढे सात-आठ वर्षांची रांग. अटी दोन. आईचं कार्ड जिवंत राहिलं पाहिजे आणि मुलीने लग्न करता कामा नये. कार्ड मेलं की अर्ज मेला. लग्न झालं तरी अर्ज मेला. सुयशने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा अर्ज आधीच गेलेला होता. आनंदाची बातमी म्हणून सांगत होता.

मी भडकले. म्हणाले, मला काय करायचीय तुमची अमेरिका? मला विचारलंत का कुणी? हे वाक्य मी पुढची चार वर्षं वापरलं. आईने बॅग काढली की वापरलं, सुयशने चॉकलेटं पाठवली की वापरलं, तनयाने व्हिडिओ कॉलवर घरामागचं हिरवळीचं अंगण दाखवलं तेव्हाही वापरलं.

मी दापोड्याला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघते. सकाळी अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास, संध्याकाळी तासभर. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये डोकं उकळतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी मी फोनवर बघायचे की या महिन्यात ती रांग किती पुढे सरकली. कधी तीन आठवडे सरकायची, कधी जागची हलायची नाही. बघायचे आणि फोन उलटा ठेवायचे. हे कुणाला सांगायचं कारण नव्हतं. बिलिंगमधला भाविक दोन वर्षं माझ्यासाठी थांबला होता. सरळ माणूस. त्याला मी नाही म्हणाले आणि का नाही ते सांगितलं नाही. गेल्या वर्षी त्याने वसईची मुलगी केली. मी लग्नाला गेले, जेवून आले, आणि दुसऱ्या दिवशी लोडिंगवाल्यांवर विनाकारण खेकसले.

आई मात्र जात राहिली, येत राहिली. साडेपाच महिने तिथे, साडेपाच-पावणेसहा इथे. तिथे अनयला सांभाळायची, दोन वेळचं रांधायची, कपड्यांच्या घड्या करायची. तनया वाईट मुलगी नाही, हे मला मान्य करावं लागतं. पण त्या घरात लूम नव्हते. आई बोलली की शेजारच्या घराच्या खिडक्या उघडायच्या. तनया म्हणायची, आई, जरा हळू. अनय म्हणायला लागला, आजी, हळू. तेहेतीस वर्षं जिने साठ-साठ पोरांना आवाजावर धरलं, ती तिथे भाजीत मीठ किती घालू हे कुजबुजत विचारायची. इथे परत आल्यावर पहिले आठ दिवस तिचा आवाज फुटत नसे. मी म्हणायचे, जोरात बोल ना, कुणी झोपलंय का इथे? माझी माया अशीच बाहेर येते, ओरडून.

सुयशने तिला दिवसांची नोंद ठेवायला सांगितली होती. दुसरी कुठलीही बाई डायरीत तारखा लिहून मोकळी झाली असती. आईने शाळेचा कोरा कॅटलॉग काढला, हजेरीचा. निवृत्तीच्या दिवशी शिपायाने आठवण म्हणून दिलेला. दर महिन्याला एक पान, मुलांच्या नावांच्या जागी एकच नाव, स्वतःचं. हजर दिवसाला निळ्या शाईने ह, गैरहजर दिवसाला लाल शाईने गै. महिनाअखेरीस बेरीज आणि खाली सही. सुयश फोनवर विचारायचा, इथले किती झाले, तिथले किती, आणि ती कॅटलॉग बघून बिनचूक सांगायची. आमच्यापैकी कुणीही तो कधी उघडून पाहिला नाही.

२०२४च्या जानेवारीत आई आली ती जूनमध्ये परत जायची होती. मे महिन्यात भाऊंना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका दुपारी गेली. पुढचे सात-आठ महिने आईने काय केलं ते मी लिहीत बसत नाही. ज्यांच्या घरी असं माणूस पडलेलं आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते की भाऊ घास फक्त तिच्या हातचा घ्यायचे. माझ्या हातून घेतला तर गालात धरून ठेवायचे आणि मी वळले की थुंकायचे. दिवसा मदतीला सखी होती, वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची. शेतावर मजुरी करून हात दगडासारखे झालेले, पण भाऊंना कुशीवर वळवायची ते अगदी हलक्या हाताने.

जून गेला. दिवाळी गेली. जानेवारीच्या तेरा तारखेला वर्ष पुरं होत होतं. सुयशचे फोन रोज यायला लागले. पंधरा दिवस ये म्हणाला, तोंड दाखव आणि परत जा. मी तिकीट काढतो, तू फक्त बस. आई म्हणाली, भाऊंना सोडून कशी येऊ? तर म्हणाला, आई, माझ्यासाठी नको, अदितीचा विचार कर.

मी शेजारीच उभी होते आणि फोन स्पीकरवर होता. असा संताप आला की काय सांगू. माझं नाव पुढे करून माझ्या आईला विमानात बसवायचं, आणि उद्या इथे काही झालं तर खापर माझ्या डोक्यावर. मी फोन हिसकावून घेतला आणि त्याला नको नको ते बोलले. चार वर्षं आई फुकट राबली, आता बाप पडलाय तर स्वतः ये म्हणाले. त्याने शांतपणे विचारलं, मग अर्ज रद्द करून टाकू का, तूच सांग. मी म्हणाले, मला काय करायचीय तुमची अमेरिका, आणि फोन आपटला. हो की नाही, ते बोललेच नाही. हे आता दिसतं.

सखीला हे सगळं पटत नव्हतं. भाऊंच्या चादरी वाळत घालताना तिने मला विचारलं, "ताई, बाई कशाला जाते? भाऊ हितं हाय. तिकडं कोन आजारी हाय का?"

मी म्हणाले, कुणी नाही.

"मंग?" ती म्हणाली.

मी तिला पाणी तापवायला पाठवलं.

निघायच्या आदल्या दुपारी आई स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती. सकाळची पेज, दुपारचा मऊ भात, गोळ्या कशात कुस्करायच्या. मग हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ ना गं मी?"

मी म्हणाले, "मला काय विचारतेस? तुझं आणि दादाचं तुम्ही बघा. मला नकोय काही."

ती डब्यांकडे वळली. मग उरलेल्या चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि ती गेली.

त्या दिवशी भाऊंनी चार चमचे पेज घेतली, दुसऱ्या दिवशी दोन. मी रजा टाकून घरी बसले, विनवण्या केल्या, रागावले, रडले. शेवटी सखीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटाने ओठांना भात लावत बसली, तासभर. तेवढाच काय तो पोटात गेला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले, कारण माझ्या घरी असण्याचा त्यांना त्रासच होत होता.

साडेचारला सुयशचा फोन आला. तिथे पहाट असणार. त्याचा आवाज चिरकला होता. आईला विमानतळावरच थांबवून घेतलं, तीन तास खोलीत बसवलं, आणि कार्ड सोडत असल्याच्या कागदावर तिची सही घेतली. कार्ड काढून घेतलं. पंधरा दिवस पाहुणी म्हणून राहा म्हणाले. "अदू, तिला काही कळलंच नाही गं," तो म्हणाला, "तिला सही करायचीच नव्हती, जजपुढे जायचा हक्क असतो आपला. फसवली तिला." आणि मग रडायला लागला. मी त्याला कॉलेजात असतानाही रडताना ऐकलं नव्हतं.

मी गोडाऊनच्या मधोमध उभी राहून त्या लोकांना शिव्या घातल्या. मराठीत घातल्या, कमी पडल्या तेव्हा हिंदीत घातल्या. लोडिंगवाले पेट्या खाली ठेवून ऐकत राहिले.

आई पंधरा दिवस राहिली नाही. चौथ्या दिवशी तिकीट बदलून घेतलं आणि परत आली. चपला काढल्या, हातपाय धुतले, पदर खोचला आणि भाऊंच्या उशाशी बसली. त्यांनी अख्खी वाटी पेज संपवली. तोंड पुसताना ते तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे. मला तिथे उभं राहवेना. विमानतळाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, आणि मी मानून घेतलं की धक्का बसलाय.

मग ते दोन महिने, ज्यांची मला आता लाज वाटते. आयुष्यात पहिल्यांदा सुयशचं आणि माझं एकमत झालं. त्याने वकील गाठला. वकील म्हणाला, खात्री देत नाही, पण प्रयत्न करता येईल. बाईंनी प्रतिज्ञापत्र करून द्यावं की प्रवासाने थकले होते, भाषा कळत नव्हती, कागद कसला आहे हे समजलं नाही, दडपणाखाली सही केली. ते मान्य झालं तर कार्ड परत जिवंत, आणि त्याच्याबरोबर माझा अर्जही. सुयशने इंग्रजी मसुदा पाठवला. मी बसून तो मराठीत केला, कारण आई न वाचता सही करणार नाही हे मला माहीत होतं. फार छान केला. थरथरणारे हात घातले, पाणावलेले डोळे घातले. वकिलाने एवढं मागितलं नव्हतं. कोर्टाबाहेरच्या नोटरीशी सोमवारची वेळ ठरवली.

रविवारी सकाळी भाऊंची आंघोळ आटपून आई बाहेर येऊन बसली, तेव्हा मी कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावला. सावकाश वाचलं, पेपर तपासताना वाचायची तसं, एका ओळीवर थांबत, मागे जात. मग पेन उचललं. मला वाटलं, सही करतेय. तिने 'समजले नाही' या शब्दांवर आडवी रेघ मारली. खाली गेली. 'दडपणाखाली' वर रेघ मारली. थरथरणाऱ्या हातांवरही मारली.

"मला सगळं समजलं होतं," ती म्हणाली.

मी म्हणाले, आई, आता सत्यवादीपणा करू नकोस, त्यांनी तुला तीन तास कोंडून ठेवलं होतं.

"कोंडलं नव्हतं. खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. तिथली अधिकारी एक मुलगी होती, तुझ्या वयाची. फोनवर मराठी बोलणारा माणूस जोडून दिला होता, नागपूरकडचा. नीट बोलत होते दोघं." आणि मग, चार वर्षांत जेवढं बोलली नव्हती तेवढं बोलली, पत्र्याच्या आवाजात, आत भाऊ झोपलेत याची पर्वा न करता.

त्या मुलीने तिला विचारलं होतं, तुम्ही राहता कुठे. आई म्हणाली, "मी गप्पच बसले गं. हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सुयश विचारायचा कधी येतेस, तू विचारायचीस कधी जातेस. राहतेस कुठे, हे त्या परक्या पोरीने विचारलं."

मग आईने सुयशने शिकवल्याप्रमाणे दिवसांचा पुरावा म्हणून कॅटलॉग पुढे केला. मुलीने विचारलं, ही खूण कसली, ती खूण कसली. आईने नागपूरवाल्याला वाचून दाखवलं. निळा ह म्हणजे हजर. कुठे हजर, तर भिवंडीत. लाल गै म्हणजे गैरहजर, एडिसन. चार वर्षं, पानामागून पान, ती अमेरिकेतला एकेक दिवस स्वतःच्या गैरहजेरीत मांडत आली होती, आणि सुयशने तोच कॅटलॉग फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवायला सांगितला होता. मी डोक्याला हात लावला. तिला ओरडून म्हणाले, असं कुणी लिहितं का, उलटं तरी लिहायचंस.

"हजर म्हणजे जिथे आपलं काम असतं तिथे," ती म्हणाली. "दुसरं कसं लिहू?"

मी म्हणाले, म्हणजे त्या एका वहीपायी सगळं गेलं.

"नाही. वहीने नाही गेलं." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ती पोरगी चांगली होती. वही मिटून तिने बाजूला सारली. म्हणाली, हे राहू दे, तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. एडिसन म्हणालात तर पुढचं जज बघतील. मी नागपूरवाल्याला विचारलं, किती दिवस लागतील? तो म्हणाला, चार महिने, सहा महिने, सांगता येत नाही, तोवर इथेच थांबावं लागेल. आणि सही केली तर? तर पाहिजे तेव्हा घरी जा."

"म्हणून तू सही केलीस. भाऊंसाठी."

"लगेच नाही केली. भाऊंचं मला माहीत होतं, त्यांना तू आणि सखीने कसंतरी जगवलं असतंत सहा महिने. मी तुझा विचार करत बसले. ते तीन तास त्यांनी नाही घेतले, मी घेतले. मी आठवत बसले, ही पोरगी एकदा तरी हवं म्हणाली होती का? निघताना विचारलं तेव्हाही नको म्हणालीस. भाविकला नको म्हणालीस, त्याचं कारण मला ठाऊक होतं. पण तुझ्या तोंडचं 'हवं' आठवेना. एक दिवस आठवेना."

मी काहीतरी बोलणार होते, नेहमीचंच, ते जिभेवर आलंही होतं. पुढ्यात तो कागद होता, माझ्या अक्षरातला, तिच्या रेघांनी भरलेला. मला एकदम दिसलं की गेले दोन महिने मी आईसाठी भांडत नव्हते.

"हवं होतं मला," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून हवं होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी असा राग कधी पाहिला नव्हता, वर्गाबाहेर काढलं तेव्हाही नाही.

"मग बोलायचं होतंस, अदिती," ती म्हणाली. "मी खोटं बोलले असते. एडिसन म्हणाले असते आणि सहा महिने बसले असते तिथे."

ती उठली, पेन माझ्या हातात दिलं आणि भाऊंना भरवायला आत गेली.